परवानगीच्या अर्जापासून सेवापुस्तकातल्या ओळीपर्यंत : नोकरी सांभाळून केलेलं बी.एड.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत भेटणाऱ्या शिक्षिका मैत्रिणी गेल्या काही महिन्यांत मला बाजूला घेऊन एकच विचारतात, "ताई, तुम्ही बी.एड. नेमकं कसं केलंत? सुरुवात कुठून करायची?" चहाच्या वेळात सांगायला गेलं की निम्मं राहूनच जातं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला नाशिकला, पंचवटीत. रोज सकाळी पेठ नाक्यावरून आम्हा पाच-सहा शिक्षकांची गाडी निघते, सावळघाट चढून-उतरून शाळा गाठते आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. बी.ए. आणि डी.एड. दोन्ही लग्नाआधी झालेलं. २००८ मध्ये महिना तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले. २०२० मध्ये बारा वर्षं भरली आणि आपण सगळे जिला 'चटोपाध्याय' म्हणतो त्या वेतनश्रेणीचा प्रस्ताव तयार करायची वेळ आली. तेव्हा कितीतरी वर्षांनी स्वतःचं सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं सरकारी पुस्तक, हातात घेऊन पाहिलं. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात नोकरीला लागताना लिहिलेल्या दोन ओळी होत्या. त्यानंतर काही नाही.

बी.एड. कशासाठी, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्या. सहावी ते आठवीच्या विषय शिक्षकाला पदवी आणि डी.एड. चालतं. फक्त तेवढंच हवं असेल तर बी.एड.च्या मागे दोन वर्षं घालवायची गरज नाही. नववी-दहावीला शिकवायचं असेल तर मात्र बी.एड. लागतंच, आणि पुढे विस्तार अधिकारी व्हायचं मनात असेल तरी ते हाताशी असलेलं बरं. माझ्या मनात दोन्ही होतं. शिवाय आणखी एक कारण होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. कोरोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा माझा चौथीचा वर्ग गप्प झाला होता. मी प्रश्न विचारायचे आणि एकवीस मुलं माझ्याकडे नुसती बघत बसायची. माझ्या शिकवण्यात काहीतरी कमी पडतंय हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

मार्च २०२२ मध्ये घरी विषय काढला. नवऱ्याने आधी हिशेब मांडला, की मुलगा सहावीत, रोजचं जाणं-येणं, अभ्यास कधी करणार? सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "माझी शाळा सातवीला सुटली. तू कर. सकाळच्या पोळ्या माझ्याकडे." दोन वर्षं त्यांनी तो शब्द पाळला.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच, १९८९ पासूनचं. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला त्याचं आवार आहे. सेवेत असलेल्या डी.एड. शिक्षकांसाठी त्यांचा दूरस्थ पद्धतीचा दोन वर्षांचा बी.एड. आहे. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के गुण लागतात. माझे ५४ होते. गुण काठावर असतील तर बेरीज करताना सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका समोर ठेवा. आमच्यातल्या एकीने फक्त शेवटच्या वर्षाचे गुण धरले होते आणि ऐन वेळी धावपळ झाली.

आता परवानगी. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. प्रवेश मिळाला की परवानगी घेऊ, असं म्हणतात. पण अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच्या तारखेचा परवानगी आदेश नसेल तर पुढे सेवापुस्तकात नोंद करताना अडचण येते, आणि तेव्हा पदवी हातात असूनही काही करता येत नाही. मी १३ जून २०२२ ला, शाळा सुरू होता होता अर्ज दिला. अर्ज योग्य मार्गाने जावा लागतो, म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि मग जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षण विभाग. सोबत नियुक्ती आदेश, सेवेत कायम केल्याचा आदेश, सेवेचा दाखला, बी.ए. आणि डी.एड.च्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आणि एक हमीपत्र. अभ्यासामुळे शाळेच्या कामावर परिणाम होऊ देणार नाही, वेगळी रजा किंवा प्रवासभत्ता मागणार नाही, असा मजकूर त्यात होता. सगळा संच मी तीन प्रतींत केला. दोन पुढे पाठवायला आणि एक माझी.

त्या तिसऱ्या प्रतीने मला वाचवलं. मधल्या एका टप्प्यावर अर्ज दिला आणि पाच आठवडे काही हालचाल नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चौकशीला गेले तर अर्ज आलेलाच नाही असं उत्तर मिळालं. मी माझी प्रत पुढे केली. तिच्यावर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही होती. आवक नोंदवही काढली, नोंद सापडली, अर्ज मात्र सापडला नाही. मग माझ्याच प्रतीची झेरॉक्स काढून तिथेच नवा संच लावला. त्या दिवशी मला फार राग आला होता, घाटातून येताना रडूही आलं. पण कुणाशी मोठ्याने बोलले नाही. शिक्का होता म्हणून मोठ्याने बोलावं लागलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक टेबलावर कागद देताना 'पोच द्या' असं म्हणायची मला सवय लागली. संकोच वाटतो, समोरची व्यक्ती ओळखीची असली तर जास्तच वाटतो, तरी म्हणा. आदेश हातात पडला २ सप्टेंबरला. त्यावरचा जावक क्रमांक आणि दिनांक मी त्याच रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

दुसरा अडथळा नावाचा, आणि तो आपल्या बायकांनाच जास्त येतो. माझ्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, नियुक्ती आदेशही माहेरच्या नावाचा. पगार, आधार आणि बँक खातं सासरच्या नावाने. सेवापुस्तकात नावबदलाची नोंद होती, पण तिला आधार म्हणून जोडलेली लग्नपत्रिका प्रवेशासाठी उपयोगाची नव्हती. सुदैवाने आमचं लग्न नोंदवलेलं होतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावरून ऑनलाइन अर्ज करून राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणं आणि जोडीला प्रतिज्ञापत्र, एवढ्यात सगळा जुलै गेला. परवानगीचा अर्ज फिरत असताना हे काम हातावेगळं झालं म्हणून बरं. राजपत्राच्या त्या पानाच्या दहा रंगीत प्रती काढून ठेवल्या आणि तीन वर्षांत दहाही संपल्या. तुमचं प्रवेशाचं अजून काही ठरलेलं नसलं तरी नावाचं काम आत्ताच करून टाका.

प्रवेश अर्ज ऑनलाइन भरला. माझी एकच सूचना, की कागद मोबाइलवर फोटो काढून चढवू नका. माझा एक फोटो तिरका आला होता, गुणपत्रिकेच्या कडेचा आसनक्रमांक कापला गेला आणि तो कागद पुन्हा द्यावा लागला. नीट स्कॅन करून प्रत्येक फाईलला नाव द्या. गुणवत्ता यादीत नाव आलं, कागदपत्रांची पडताळणी झाली, शुल्क भरलं, कायम नोंदणी क्रमांक मिळाला. अभ्यासकेंद्र नाशिक शहरातलंच मिळालं.

संपर्कसत्रं शनिवार-रविवारी, शिवाय दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत असायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की डबा गाडीतच खायचा आणि थेट केंद्रावर. वर्गात आम्ही सगळे शिक्षकच. सुरगाणा, कळवण, येवला, निफाड असे कुठून कुठून आलेले. माझ्या शेजारी बसणाऱ्या सरांची नोकरी वीस वर्षांची होती. पहिल्या सूक्ष्मपाठाला ते उभे राहिले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. पाच-सहा मिनिटांचा पाठ, त्यात एकच कौशल्य दाखवायचं, आणि समोर मुलांच्या जागी आपल्यासारखेच शिक्षक हातात निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसलेले. इतकी वर्षं आपण शिकवतो, पण आपल्याला कुणी शिकवताना पाहत नाही. अधिकारी येतात ते दप्तर पाहतात.

माझ्याकडे प्रश्नकौशल्य होतं. पाठ संपल्यावर आमच्या संमंत्रक, म्हणजे केंद्रावर शिकवणाऱ्या, मॅडमनी विचारलं, "प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?" मी म्हटलं, मुलं उत्तर देईपर्यंत. त्या म्हणाल्या, "शाळेत एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून ऐका."

सोमवारी चौथीचा परिसर अभ्यासाचा तास रेकॉर्ड केला. रात्री स्वयंपाकघरात बसून ऐकला. मी विचारते, "पाऊस कमी झाला तर काय होईल?" आणि लगेच माझाच आवाज येतो, "पीक येणार नाही, हो ना?" मुलं म्हणतात, "हो." पुन्हा प्रश्न, पुन्हा माझंच उत्तर, पुन्हा "हो." तासभरात मी सव्वीस प्रश्न विचारले होते. एकाही प्रश्नानंतर दोन सेकंदसुद्धा थांबले नव्हते. वर्ग गप्प का, याचं उत्तर मला ऐकू येत होतं. मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

नंतर वाचनात आलं की मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने यावर बरंच काम केलं आहे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या लेखात हेच आहे, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. बी.एड.मध्ये कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर छोटा अभ्यास, करायचा असतो. त्याला मी हाच विषय घेतला. पाठीमागे हात बांधून बोटांवर चार मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. चार सेकंद इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. पहिला आठवडा तर मुलंच गोंधळली. बाई विसरल्या की काय, असं एकमेकांकडे बघायची.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मी विचारलं, "डोंगराच्या उतारावर आपण नागली लावतो, भात खाली खाचरात लावतो. असं का?" एक, दोन, तीन, चार. कुणी बोलेना. मी पुन्हा चार मोजले. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी वर्षभरात स्वतःहून बोललेली मला आठवत नव्हती. ती खाली बघतच म्हणाली, "बाई, वर पाणी राहत नाही. भाताचे पाय पाण्यात लागतात." तिच्या मागून दुसरा उठला, "आणि नागलीचे पाय कुजतात पाण्यात." मग बांध कसा घालतात, राब कुठे भाजतात, सगळं बाहेर आलं. ती मुलं रोज शेतात पाहत होती, मी त्यांना सांगायला जागा ठेवत नव्हते. सहा आठवड्यांनंतर मोजलं तेव्हा एका तासात स्वतःहून बोलणारी मुलं पाचांवरून तेरावर गेली होती. अहवालात मी आकडे लिहिले. ते 'भाताचे पाय' मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे.

कृतिसंशोधनाचा विषय निवडताना बाजारात मिळणारे तयार अहवाल बघूही नका. आपल्या वर्गात रोज खुपणारी एखादी छोटी गोष्ट घ्या. मोजता येईल इतकी छोटी.

लेखनकार्याचं, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचं, वेळापत्रक पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावा. मी पहिल्या सहामाहीत लावलं नव्हतं आणि शेवटच्या दहा दिवसांत रात्री एकपर्यंत लिहीत बसले. घरात मुलाचा अभ्यास, टीव्ही, पाहुणे, म्हणून सुट्टीच्या दिवशी टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जायला लागले. १८४० सालापासूनचं ते वाचनालय. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गोष्टीची पुस्तकं आणायला जायचे, आता शैक्षणिक मानसशास्त्राच्या टिपणांची पिशवी घेऊन.

परीक्षेबद्दल एकच महत्त्वाचं सांगते. आपली लिहायची सवय गेलेली असते. फळ्यावर लिहितो, हजेरी भरतो, माहिती मोबाइलवर भरतो, पण सलग तास-दोन तास कागदावर लिहीत नाही. पहिल्या सराव पेपरला सव्वा तासातच माझं मनगट धरलं. मग महिनाभर दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहिला. परीक्षेच्या दिवसांसाठी किरकोळ रजा आधीपासून राखून ठेवली होती, तीही ठेवाच. जूनमध्येच दोन-तीन रजा उडवल्या तर परीक्षेच्या वेळी हात बांधलेले राहतात.

दुसरं वर्ष जड गेलं. आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सराव अध्यापनासाठी, शहरातल्या एका माध्यमिक शाळेत नववीला इतिहास शिकवायचा होता आणि स्वतःच्या शाळेचं कामही होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सासूबाई पडल्या, पायाचं हाड मोडलं. दोन महिने त्या अंथरुणावर होत्या. त्या काळात मी खरोखर सोडायचं ठरवलं होतं, संमंत्रक मॅडमना तसा फोनही केला. त्यांनी समजावत बसण्याऐवजी एवढंच विचारलं की किती पाठ उरलेत. नऊ होते. त्यांनी ते नऊ पाठ पुढच्या पाच आठवड्यांत वाटून दिले. अशा वेळी कुणाला तरी फोन करा. नुसतं गैरहजर राहू नका.

त्यात लोकसभेची निवडणूक आली. आमच्या भागात २० मे ला मतदान होतं आणि प्रशिक्षणाचा एक दिवस नेमका संपर्कसत्रावर आला. निवडणुकीची ड्युटी टळत नाही. मी नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडून केंद्राला आधीच लेखी कळवलं, आणि ते सत्र पुढच्या रविवारी भरून काढता आलं. फोनवर सांगून भागलं नसतं.

शुल्क वेगळं, पण त्यावरचा खर्च कुणी सांगत नाही म्हणून सांगते. झेरॉक्स, छपाई, बाइंडिंग, शैक्षणिक साहित्य, राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र, शहरातला बस-रिक्षाचा प्रवास, असं धरून दोन वर्षांत माझे साधारण साडेतेरा हजार रुपये गेले. त्यातला सर्वांत मोठा वाटा छपाईचा. पाठ टाचणं हाताने लिहायची असतील तर शालिमारच्या बाजूला कागदाची रिमं घाऊक घ्या, बराच फरक पडतो.

शेवटचा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेत होते. पाड्यावर रेंज येत नाही. गाडी घाट चढून वर आली तेव्हा मोबाइल वाजला. प्रथम श्रेणी मिळाली होती. गाडीतल्या सरांनी वाटेत थांबून सगळ्यांना भजी खाऊ घातली.

निकालानंतर मी दोन महिने काहीच केलं नाही, आणि ती माझी चूक झाली. सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीवर निघते. त्याआधी नोंद झाली नसेल तर यादीत तुमची जुनीच अर्हता दिसते आणि मग हरकत नोंदवत बसावं लागतं. माझं तसंच झालं. जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव दिला. परवानगी आदेश, सर्व गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, राजपत्र. पदवी प्रमाणपत्र आल्यावर तेही जोडलं. परवानगी आदेशाचा क्रमांक आणि दिनांक विचारला तेव्हा वहीच्या पहिल्या पानावरून वाचून दाखवला.

९ जुलैला नोंद झाली. लिपिक भाऊसाहेबांनी सेवापुस्तक उघडलं, पट्टी ठेवली आणि निळ्या शाईने सावकाश एक ओळ लिहिली. खाली साक्षांकनाची सही आणि शिक्का. ते म्हणाले, "मॅडम, दुय्यम सेवापुस्तक आणलंय का? त्यातही आत्ताच करून घ्या." मी आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तुम्ही दोन्ही पुस्तकांचं एकदम बघा, आणि नोंद झालेल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

त्यानंतर दोनच महिन्यांत, १ सप्टेंबर २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा, निर्णय आला. सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आणि पदोन्नतीलाही ती लागणार. आम्ही २००८ चे, आमच्या वेळी ती परीक्षाच नव्हती. बातमी वाचून पहिले दोन दिवस मन खट्टू झालं. मग अर्ज भरला. २३ नोव्हेंबरला पेपर दोन दिला, सामाजिक शास्त्रं घेऊन. दीडशे प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राच्या तीस प्रश्नांना बी.एड.चा अभ्यास सरळ कामाला आला. वेगळं काही वाचावं लागलं नाही.

माझ्या पोचांच्या प्रतींची पिवळी फाईल सध्या शेजारच्या पाड्यावर शिकवणाऱ्या एका धाकट्या सहकारी मैत्रिणीकडे आहे. हमीपत्राचा मजकूर तिने त्यातूनच उतरवून घेतला. परवा तिने तिच्या अर्जाच्या तिसऱ्या प्रतीचा फोटो पाठवला. गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही, चारही आहेत.